शिळावर्तुळं आणि एकतीस ब्रास माती

(हिंगोलीत वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा तशीच ठेवलीय.)

नमस्कार. विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं की सर, ही शिळावर्तुळं तर नागपूरकडची, मग आपण हिंगोलीत बसून ती कशाला ऐकायची. ऐकायची यासाठी की तिकडच्या पेंच, कन्हान, वैनगंगा, वर्धा या नद्यांचं पाणी आणि आपल्या पैनगंगेचं पाणी शेवटी प्राणहितेतून सिरोंच्याजवळ एकाच गोदावरीला मिळतं, आपल्यासारखीच काळी माती तिकडं आहे, वावरात निघणारे काळे धोंडेही आहेत, आणि मराठवाडा कुठं संपतो नि विदर्भ कुठं सुरू होतो हे अडीच हजार वर्षांपूर्वी कोणी आखलेलं नव्हतं. आज बोलणार आहे ते बहुतेक सगळं नागपूर-वर्ध्याकडचं आहे हे खरं, पण त्यातले दोन धागे सरळ आपल्या पैठणला नि भोकरदनला येऊन भिडतात, ते पुढं सांगतो.

आधी शिळावर्तुळ म्हणजे काय ते. मोठमोठे धोंडे गोल मांडलेले असतात, बहुतेक ठिकाणी काळ्या पाषाणाचे, बरेचसे जमिनीत अर्धे गाडलेले. गोलाचा व्यास कुठं सहा-सात मीटर, कुठं पंधरा, कुठं वीसच्याही वर. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा जराशी उंच, मधे फुगलेली, गोट्यांनी आणि दगडांनी भरलेली. नागपूरहून काटोल रोडनं गेलं की जुनापाणी लागतं, तिथं अशी ३०० च्या आसपास वर्तुळं आहेत. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला काहीच दिसत नाही, माळ दिसतो, गवत दिसतं, धोंडे दिसतात, मग कोणीतरी बोट दाखवून एक गोल दाखवतं आणि त्यानंतर मात्र नजर बसते, हा एक, त्याला लागून तो दुसरा, पलीकडं चार, आणि आपण उभे आहोत तेही एका वर्तुळातच, हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो. माझ्यासोबत आलेल्या प्रत्येक बॅचच्या पोरापोरींचं हेच होतं.

काळ म्हणाल तर साधारण इसवीसनापूर्वी १००० ते ३००. नागपूर जिल्ह्यातल्या टाकळघाट आणि नायकुंड इथल्या कोळशाच्या कार्बन-१४ तारखा, म्हणजे कोळशातल्या कार्बनवरून काढलेलं वय, इसवीसनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपास येतात. म्हणजे दगडी हत्यारांचा काळ कधीच मागं पडलाय, लोखंड आलंय, पण लिहिलेलं एक अक्षर नाही. या लोकांचं नाव आपल्याला माहीत नाही, भाषा माहीत नाही, देव माहीत नाही. जे काही कळतं ते जमिनीतून, आणि म्हणून ती जमीन कशी उकरली जाते याला इतकं महत्त्व आहे.

या वर्तुळांकडं लक्ष गेलं ते दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी. गावातले लोक ही गवळी राजांची जागा म्हणायचे, साहेब लोकांना वाटायचं की सिथियन म्हणजे शक लोकांनी बांधली असतील. स्टीफन हिस्लॉप म्हणून स्कॉटलंडचे मिशनरी होते, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे तेच, गोंडांवर आणि इथल्या खडकांवर त्यांनी मोलाचं काम केलं. सप्टेंबर १८६३ मध्ये ते आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल टाकळघाटची वर्तुळं बघायला गेले होते, हिस्लॉप मागं राहिले आणि एकटे घोड्यावर परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले, तारीख ४ सप्टेंबर. त्यांची टिपणं, कागदपत्रं टेंपल यांनीच १८६६ मध्ये छापून घेतली, नाहीतर तेही गेलं असतं. जुनापाणीला रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्यानं १८६७ मध्ये काही वर्तुळं खोदली, आणि तिथल्या धोंड्यांवरच्या खळग्यांची पहिली नीट नोंद त्याच्याच नावावर आहे.

पण शास्त्रशुद्ध काम म्हणाल तर ते स्वातंत्र्यानंतरचं. जुनापाणीला १९६१-६२ च्या सुमारास बी. के. थापर यांनी खोदलं, आणि मग आले डॉ. शां. भा. देव. टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड, भागीमोहरी, पंधराएक वर्षं हा माणूस एकामागून एक ठिकाणं उकरत होता आणि महत्त्वाचं म्हणजे अहवाल छापत होता, कारण खोदून अहवाल न छापणं म्हणजे पुस्तक वाचता वाचता एकेक पान फाडून फेकणं. टाकळघाट-खापाचा अहवाल १९७० चा, माहूरझरीचा १९७३ चा, नायकुंडचा जामखेडकरांबरोबर १९८२ चा. आणि हेच देव, आपल्या आर. एस. गुप्त्यांबरोबर, १९७३ मध्ये जालना जिल्ह्यात भोकरदनला खोदत होते, नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ दोघांनी मिळून केलेलं काम होतं ते. हा पहिला धागा. बाकी माहूरझरी म्हणलं की आपल्या लोकांना रेणुकेचं माहूर आठवतं, तर ते हे नाही, माहूरझरी नागपूरच्या वायव्येला गोरेवाड्याच्या पुढं आहे.

आता खोदतात कसं ते सांगतो, कारण इथं बसलेल्यांपैकी अनेकांच्या डोक्यात खोदकाम म्हणजे खड्डा आहे. वर्तुळाच्या मधून दोन दोऱ्या ताणतात, एक पूर्व-पश्चिम, एक दक्षिण-उत्तर, गोलाचे चार भाग पडतात. समोरासमोरचे दोन भाग आधी खोदायचे, दोन तसेच ठेवायचे, आणि मधे मातीचा एक अर्धा-पाऊण मीटरचा बांध उभा सोडायचा. त्या बांधाची कड दाभणासारखी सरळ तासून घेतली की थर दिसायला लागतात. सगळ्यात वर गवताची मुळं आणि सैल माती, मग गोटे आणि फुटके दगड, मग काळी चिकण माती, एकदम घट्ट, आणि त्या मातीच्या तळाशी मूळ मुरमाचा थर, कुठं थोडासा खणलेला, कुठं नुसता सपाट केलेला. वस्तू आणि अस्थी असतात त्या इथं, काळ्या मातीच्या तळाला. कुदळ वरच्या दगडांपर्यंतच, काळी माती लागली की बसून खुरपीनं काम, वस्तू दिसायला लागली की ब्रश आणि बांबूची काडी. दिवसभरात पाटीभर माती निघाली तरी चालतं. सगळी माती चाळणीतून जाते, कारण एक मणी तीन मिलिमीटरचा असतो.

ही काळी माती तुम्हा सगळ्यांना माहितीये. पावसाळ्यात फुगते, चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अडीच हजार वर्षं दरवर्षी तिनं हेच केलंय, म्हणून आतली मडकी बहुतेक चिरडलेली निघतात, हाडं तुकड्या-तुकड्यांत, आणि लोखंडाच्या वस्तू गंजून मातीला अशा चिकटलेल्या की आधी ढेकूळच वाटतं. अशा ढेकळाला घाईनं ठोका मारला की संपलं. ती वस्तू ढेकळासकट उचलून लॅबमध्ये नेतात, एक्स-रे काढतात, मग आतली कुऱ्हाड दिसते.

आता मुद्द्याचं. ही काळी माती तिथं आपोआप आलेली नाही. मुरमाड माळावर वर्तुळ आहे आणि आत काळी चिकण माती भरलीय म्हणजे ती कोणीतरी दुसरीकडून, नाल्याकाठून किंवा खोलगट भागातून वाहून आणलीय. किती आणली असेल याचा हिशोब मी करून बघितला, आपल्या लोकांना समजेल अशा भाषेत. पंधरा मीटर व्यासाचं वर्तुळ धरा, हे काही फार मोठं नाही. परीघ झाला ४७ मीटर, एकेक धोंडा मीटरभर लांब धरला तर ४५-४६ धोंडे लागले. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर जाड असा काळा दगड ७०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे नुसत्या कडेलाच ३० टनांच्या वर दगड. आत अर्धा मीटर भराव धरा, ८८ घनमीटर होतो. म्हणजे ३१ ब्रास, शंभर घनफुटांचा एक ब्रास. मुरूम टाकून घेतलेल्या माणसाला ३१ ब्रास म्हणजे काय ते सांगायला नको. आणि हे ट्रॅक्टरनं नाही, डोक्यावरून. वीस किलोची पाटी धरली तर सात हजार पाट्या! वीस माणसं, माणशी दिवसाला पन्नास पाट्या, सात दिवस लागले. हे फक्त भरावाचं, धोंडे ओढणं वेगळंच. आणि या वीस माणसांना सात दिवस दोन वेळचं जेवण कोणीतरी घातलंय, त्यांची सुगीची कामं त्या आठवड्यात कोणीतरी अंगावर घेतलीत.

हिशोब अंदाजाचा आहे, भराव कुठं कमी असेल कुठं जास्त, पण गोष्ट तीच राहते. आपण याला थडगं म्हणतो आणि आत कोण आहे, राजा होता का सरदार होता, एवढंच विचारतो. मला वाटतं आपण उलटं विचारायला हवं, की हे बांधणारे कोण होते. आतल्या माणसाची मूठभर हाडं उरलेली असतात, तीही बऱ्याचदा आधी दुसरीकडं देह ठेवून नंतर गोळा करून आणलेली. बांधणाऱ्यांची मात्र सात हजार पाट्यांची मेहनत समोर पडलीय. एका गावाकडं एवढं धान्य शिलकीला होतं, एवढे हात एका कामाला एकत्र येत होते, आणि ते काम कसं करायचं हे दरवेळी ठरलेलं होतं, दगड गोलातच, काळी माती वरच, वस्तू तळालाच. माझ्या दृष्टीनं शिळावर्तुळ म्हणजे त्या गावाच्या ताकदीचा पुरावा.

आणि ही ताकद आली कुठून? लोखंडातून, असं माझं मत आहे, आणि ते वस्तूंकडं बघून झालंय. या वर्तुळांतून निघतं काय, तर कुऱ्हाडी, कुदळी, छिन्न्या, वाकस, खिळे, भाले, बाणांची टोकं, खंजीर, कढई, पळ्या, अगदी नखं काढायची नखुरडीसुद्धा. त्यातली कुऱ्हाड मी तुम्हाला जवळून दाखवतो, म्हणजे शब्दांनी. आपल्या कुऱ्हाडीला भोक असतं, त्यात दांडा ठोकतो. त्यांच्या कुऱ्हाडीला भोक नाही. लोखंडाचं सपाट, लांबट पान, एका अंगाला धार, दुसरं अंग निमुळतं. लाकडाचा दांडा चिरून त्या फटीत पान बसवायचं आणि ते निसटू नये म्हणून वरून लोखंडाच्या पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवरून आवळायच्या. दांडा कुजून गेला, पट्ट्या राहिल्या, पानावर तशाच गंजून चिकटलेल्या, फुलीच्या आकारात. त्या पट्ट्यांमधली मोकळी जागा मोजली की दांडा किती जाड होता ते कळतं. नसलेल्या लाकडाचं माप असं मिळतं. पण कधी? ती कुऱ्हाड जिथं होती तिथं, जशी होती तशी बघितली तरच. कोणी ती उपटून, घासूनपुसून, पट्ट्या तोडून आणून दिली तर हातात उरतं एक गंजकं पान, भंगारच्या भावाचं.

माहूरझरीच्या एका छिन्नीचा धातुशास्त्राच्या अंगानं अभ्यास झालाय, ती पोलादाची निघाली. म्हणजे नुसतं लोखंड गाळता-ठोकता येत होतं असं नाही, धार टिकावी म्हणून त्यात काय करायचं हेही त्या लोहाराला माहीत होतं. आणि लोहार होता कुठं, तर नायकुंडला. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठावर. तिथं वर्तुळंही आहेत आणि लोक राहत होते ती वस्तीही सापडली, आणि त्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टी. मातीच्या वळणदार विटा जोडून केलेली गोल भट्टी, भात्याची हवा आत न्यायच्या मातीच्या नळ्या, आणि आजूबाजूला कीट, म्हणजे लोखंड गाळल्यावर उरतो तो काळा फेसाळ मळ. आपल्याकडं घिसाड्याचा पाल पडायचा गावाबाहेर, नवरा घण मारायचा आणि बायको भाता हलवायची, ज्यांनी ते बघितलंय त्यांना या नळ्या काय आहेत हे लगेच समजतं. फरक एवढाच की घिसाडी तयार लोखंड तापवतो आणि नायकुंडवाले खनिजातून लोखंड काढत होते, ते काम कितीतरी अवघड आहे. पूर्व विदर्भात लोहखनिज मुबलक, जंगल मुबलक म्हणजे कोळसा मुबलक.

लोखंडाची कुऱ्हाड आली की जंगल हटतं, कुदळ आली की जड जमीन हाताखाली येते. नायकुंड आणि भागीमोहरीला जळालेले दाणे सापडलेत, तांदूळ आहे, गहू-जव आहे, मसूर-वाटाण्यासारखी कडधान्यं आहेत. गुरांची हाडं आहेत. म्हणजे ही भटकी टोळी नव्हे, जसं जुन्या साहेबांना वाटायचं. शेतकरी होते, खरीप-रब्बी दोन्ही घेणारे.

आता घोडा. विदर्भातल्या वर्तुळांमधली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच. बऱ्याच वर्तुळांत घोड्याची हाडं निघतात, दात, कवटीचे तुकडे, पायाची हाडं, आणि काहींवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे माणसाबरोबर घोडा दिला गेलाय. सोबत लोखंडी लगाम, आणि तांब्याच्या पत्र्याचा घोड्याच्या तोंडावर बसणारा दागिना. पोळ्याला आपण बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधतो ना, तसाच मान, फक्त तांब्याचा आणि शेवटचा. आता विचार करा, घोडा हे इथलं जनावर नाही, काळ्या रानात नांगराला घोडा कामाचा नाही, तो विकत किंवा लांबून आणायचा, पोसायचा, आणि मग एका माणसाबरोबर मातीत घालायचा. हे करणाऱ्या घराची ऐपत काय असेल. सगळ्याच वर्तुळांत घोडा नाही, सगळ्यांत तांबं नाही, सोनं तर अगदी थोड्या ठिकाणी आणि तेही पातळ पत्र्याचं. म्हणजे गावात वरचे-खालचे होतेच.

आणि गावातले बाकीचे कुठं गेले? हा प्रश्न मला सारखा छळतो. सातशे वर्षांचा काळ, एवढी गावं, एवढी माणसं जगली आणि मेली, त्या मानानं वर्तुळं कितीतरी कमी. पाट्या वाहणाऱ्या त्या वीस जणांना वर्तुळ मिळालं का? बहुतेक नाही. त्यांना जाळलं असेल, उघड्यावर ठेवलं असेल, साध्या खड्ड्यात पुरलं असेल, जमिनीनं त्यांची खूण ठेवली नाही.

त्याआधीच्या लोकांची रीत वेगळीच होती बघा. पुणे जिल्ह्यात इनामगाव, तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. ते ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे त्या काळातलं गाव, आपल्याकडं पैठण तालुक्यातलं आपेगाव त्याच परंपरेतलं. इनामगावला मेलेलं लेकरू घराच्या जमिनीखालीच पुरायचे, दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावलं काढून टाकायचे. म्हणजे मेलेला माणूस घरातच ठेवायचा, पायाखाली. आणि शिळावर्तुळवाल्यांनी त्याला गावाबाहेर नेलं, माळावर, लांबून दिसेल अशा जागी, गोल आखून. आत ठेवण्यापासून बाहेर मांडण्यापर्यंतचा हा बदल का झाला यावर विद्वानांत एकमत नाही, मला व्यक्तिशः तो जमिनीच्या हक्काशी जोडलेला वाटतो, की हा माळ आमचा, आमची माणसं इथं आहेत.

दुसरा धागा म्हणलो होतो तो मण्यांचा. माहूरझरी हे मणी बनवायचं मोठं केंद्र होतं, वर्तुळांच्या काळापासून पुढं पार वाकाटकांच्या काळापर्यंत. अकीक, कार्नेलियन, जास्पर असल्या रंगीत कठीण दगडांचे मणी. अर्धवट तासलेले, भोक पाडता पाडता फुटलेले मणीसुद्धा तिथं सापडतात, आणि मला त्या फुटक्या मण्यांचं पूर्ण मण्यांपेक्षा जास्त कौतुक आहे, कारण पूर्ण मणी कुठूनही आलेला असू शकतो, फुटका मात्र जिथं फुटला तिथंच फेकला जातो, म्हणून कारखाना कुठं होता ते तोच सांगतो. काही लाल मण्यांवर पांढरी नक्षी असते, ती रंगवलेली नाही, सोड्यासारख्या खाराचा लेप लावून मणी तापवायचा, मग खार दगडात शिरून कायमची पांढरी रेघ उमटते. हा अकीक येतो कुठून, तर आपल्याच काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून, आणि तिथून सुटून नदीच्या पात्रात. गोदावरीच्या वाळूत अजून गारगोट्या मिळतात की. पुढं इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं की पैठणहून असले दगड आणि तेरहून कापड भडोचच्या बंदरात येतं. म्हणजे पैठणच्या ज्या व्यापाराचा आपण अभिमान बाळगतो त्यातला हा दगडाचा धंदा त्याच्याही कित्येक पिढ्या आधी आपल्याच खडकावर सुरू झालेला होता.

मडक्यांचं थोडक्यात सांगतो. काळी-तांबडी मडकी, आतून आणि काठाला काळी, खाली तांबडी. भट्टीत पालथी घालून भाजायची, तोंड राखेत-भुशात, तिथं हवा कमी म्हणून काळं, बाहेर हवा लागते म्हणून तांबडं. एकाच भाजणीत दोन रंग.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. आपल्या भागात गुप्तधनाचं वेड आहे, हे सगळ्यांना माहितीये, उघड बोलत नाही कोणी. अमावास्येला रात्री जुन्या गढीत, देवळामागं, वीरगळाखाली खड्डे घेतात. कुठं लेकराबाळांच्या जिवाशी खेळ होतो, त्यावर पेपरात वाचलंच असेल. एवढी वर्तुळं खोदली गेलीत, सगळा हिशोब छापलेला आहे, जाऊन वाचा. काय निघालं? गंजलेलं लोखंड, फुटकी मडकी, थोडं तांबं, मणी, कुठं एखादा सोन्याचा पातळ पत्रा. हंडा कुठंच नाही. एका रात्रीच्या खड्ड्यात त्या गावाची सात हजार पाट्यांची नोंद पुसली जाते आणि खणणाऱ्याच्या हातात हजार रुपयांचंही काही लागत नाही. याचा मला राग येतो, आणि जेसीबीवाल्याचा येतो त्यापेक्षा जास्त येतो, कारण जेसीबीवाल्याला माहीत नसतं. सपाटीकरणात धोंडे बांधावर ढकलतात, मुरूम रस्त्याला जातो, एका दुपारीत सगळं सारखं. त्याला कोणी सांगितलंच नाही तर त्याचा दोष किती?

प्रश्नोत्तरांत बरंच विचारलं गेलं, त्यातले थोडे देतो.

एका काकांनी विचारलं, आमच्या वावरात धोंडे गोल मांडलेले असले तर ते हेच का? काका, लगेच हो म्हणता येत नाही. खळ्याभोवती, आखाड्यावर, जनावरांच्या वाड्याला पण आपण धोंडे गोल लावतो. बघायचं काय, तर धोंडे जमिनीत किती खोल बसलेत, आतली जमीन फुगीर आहे का, आतली माती आजूबाजूपेक्षा वेगळी आहे का, आणि एकच गोल आहे की शेजारी आणखी आहेत. शंका आली तर धोंडा हलवू नका, मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, एका फोटोत काठी किंवा माणूस उभा करा म्हणजे माप कळतं, लोकेशन सेव्ह करा, आणि तहसीलला, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला नाहीतर विद्यापीठात कळवा. तुमचं वावर लगेच सरकारजमा होतं ही भीती काढून टाका. बांधकामावर शंभर मीटरपर्यंत बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरवर परवानगी हा नियम आहे, पण तो केंद्राच्या संरक्षित स्मारकाला, नुसत्या कळवलेल्या जागेला नाही.

एका तरुणानं विचारलं की सोनं सापडलं तर कोणाचं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांच्या वरचं काहीही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, कळवलं तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्यात बघितला जातो, लपवलं तर गुन्हा. वस्तू जिथं आहे तिथंच राहू द्या एवढं त्यात माझं जास्तीचं.

शेवटचा प्रश्न कॉलेजच्या मुलीचा होता, जुनापाणीच्या धोंड्यांवरच्या खळग्यांचा. ते खळगे वाटीसारखे, बोटाच्या पेराएवढे ते थोडे मोठे, ओळीत कोरलेले, कुठं दोन ओळी एकमेकींना छेद देऊन फुली होते. सगळ्या धोंड्यांवर नाहीत, काहींवरच. काही अभ्यासकांनी त्यांच्या दिशा मोजून सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशी संबंध लावून बघितलाय. मला ते शक्य वाटतं पण सिद्ध झालेलं वाटत नाही, कारण धोंडे मधल्या काळात हललेले असू शकतात. बघायला नक्की जा. डिसेंबर-जानेवारीत, गवत बसल्यावर. फोटोत उठून दिसावेत म्हणून लोक त्या खळग्यांत खडू भरतात, तसलं काही करू नका, सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर जा, ऊन तिरपं असलं की खळगे चांगले दिसतात. पुण्याला कधी गेलात तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात विदर्भातल्या या वस्तू ठेवल्यात, आधी फोन करून वेळ विचारून घ्या, आणि कुऱ्हाड बघताना त्या फुलीच्या पट्ट्या शोधा.